दहापैकी दोन

झडप वर सरकली आणि तिथून थाळीऐवजी एक संतापलेला चेहरा डोकावला.

"दोन? दहापैकी दोन?"

लाल दिव्याखाली बसलेल्या माणसाने काटा खाली ठेवला. "एकच देणार होतो. पण लिंबू छान पिळलं होतं... म्हणून दोन."

हे खरं तर घडायला नको होतं. तयार जेवणाचे डबे बनवणाऱ्या त्या कारखान्यात चव घेणाऱ्यांना एकेका अरुंद कप्प्यात बसवत. पदार्थाचा रंग बघून मत बनू नये म्हणून लाल दिवा, आणि वाढणारीचा चेहरा बघून भीड पडू नये म्हणून मध्ये ती झडप. दिसायचा तो फक्त हात. बोलायची तर सक्त मनाई. पण ब्रसेल्स स्प्राउट्सचा, म्हणजे अंगठ्याएवढ्या त्या इवल्या कोबींचा विषय निघाला की तिच्या डोक्यात नियमबियम राहत नसत.

"तुम्हाला जीभ आहे का हो?"

"आहे. म्हणूनच तर दोन."

"कडू लागले?"

"कडू मला चालतं. पण हे... ओल्या मोज्यांसारखे लागतात."

तिने झडप आपटली, तर ती मेली अर्ध्यातच अडकली. खालच्या फटीतून त्याचं हसू तेवढं दिसत राहिलं.

तो दुकानांतले वजनकाटे तपासणारा निरीक्षक होता. दर बुधवारी दुपारच्या सुट्टीत चव घ्यायला यायचा, आणि कारखान्यात सगळे त्याला काटेवाला म्हणत. ती नवे पदार्थ बसवणाऱ्या विभागात होती. घरी धाकटे भाऊ तिला कोबीताई म्हणत, आणि तिने ती भाजी चढवली की आई मुकाट्याने सगळ्या खिडक्या उघडायची. मध्यंतरी एक जण आयुष्यात आला होता. वर्षभर तिच्या हातचे कोबी "मस्त, मस्त" म्हणत खात होता. एकदा त्याच्या कोटाचं बटण लावायला तिने कोट हातात घेतला, तर खिशात रुमालात गुंडाळलेले बारा वाळके कोबी निघाले. त्याला आवडले नाहीत याचं तिला काही वाटलं नाही. आपल्याला वर्षभर वेड्यात काढलं, हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं.

तेव्हापासून तिने हट्टच धरला. कुणी नाकं मुरडोत नाहीतर तोंडं वाकडी करोत, हे कोबी डब्यात घालून दुकानात पोचवायचेच. विभागप्रमुख मॅडमनी तिला तीन फेऱ्या दिल्या होत्या. त्यातल्या एकीत जरी सगळ्यांच्या गुणांची सरासरी सहा आली तर डबा बाजारात, नाहीतर वर्षभर विषय काढायचा नाही. आणि पहिलीच फेरी अशी पडली होती.

त्या दिवशी काम संपवून ती मागच्या दाराने निघाली, तर पायऱ्यांवर तो उभा. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि छत्री बंद करून त्याने काखेत धरली होती.

"माफी मागायला आलो नाहीये."

"मग?"

"मोज्यांचं जरा जास्त झालं. 'ओल्या' म्हणायला नको होतं."

हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण हसू आलंच.

मग दर बुधवारी त्याच पायऱ्यांवर ती एक छोटा डबा उघडू लागली. कधी भाजलेले, कधी लोण्यात परतलेले, कधी अक्रोड घातलेले. तो डोळे मिटून एक कोबी खायचा आणि ती श्वास रोखून बघत राहायची.

"अडीच."

"तो अर्धा लोण्याला?"

"नाही... तुम्ही अशा बघताय, त्याला."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "एकदा तरी खोटं बोला ना! बिघडलं काय?"

"दिवसभर खोटे काटे जप्त करत फिरतो मी. तुमच्यासमोर येऊन स्वतःच खोटं बोलू?"

त्या रात्री खिडक्या उघडणाऱ्या आईला ती म्हणाली, "आई, एक माणूस मला दर आठवड्याला नापास करतो... आणि मला बुधवार कधी येतो असं होतं."

दुसरी फेरी थोडक्यात हुकली. तिसऱ्या फेरीला तिने झडपेखालून थाळी पुढे सरकवली. पलीकडच्या बोटांनी थाळी घेता घेता तिचा हात क्षणभर दाबला.

तासाभराने मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. तोही तिथेच उभा होता. टेबलावर त्याचा कागद होता. गुण, दोन. खाली नेहमीचा छापील प्रश्न, 'पदार्थ करणाऱ्याशी आपला काही संबंध आहे का?' दर वेळी तो 'नाही'वर खूण करायचा. आज त्याने लिहिलं होतं, 'मी तिच्या प्रेमात आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.'

तिला इतका आनंद झाला की कुठे बघावं तेच कळेना.

"संबंध असेल तर हा कागद बाद," मॅडम म्हणाल्या. "मग सरासरी सहाच्या वर जाते आणि तुझा डबा पास. नसेल तर कागद धरायचा, म्हणजे डबा नापास. एकतर्फी प्रेमाला नियमात जागा नाही, म्हणून तुला विचारते. आहे संबंध?"

"मी डब्यासाठी नाही लिहिलं," तो घाईघाईने म्हणाला. "दोन खरे आहेत... आणि तेही खरं आहे."

'हो' तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आता 'हो' म्हटलं, तर ते त्याला होतं की डब्याला, हे कुणी कधी ठरवायचं? जन्मभर त्या 'हो'ला कोबीचा वास येत राहिला असता.

"नाही," ती म्हणाली. "मला कुणी काही विचारलेलंच नाही. कागद धरा मॅडम. दोन म्हणजे दोन."

"वर्षभर विषय काढता येणार नाही हं."

"नाही काढणार. पुढच्या वर्षी परत येईन. त्याच्या पुढच्या वर्षी परत. नाही म्हणून म्हणून तुम्ही थकाल, मी नाही थकणार."

मॅडमनी शिक्का मारला. नापास. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने लपवलं नाही. मग ती त्याच्याकडे वळली.

"आता विचारा. आता माझं 'हो' कशाच्याच कामाचं नाही."

तो जवळ आला. "दर रविवारी तुझ्या घरी जेवायला येऊ? कोबी मला आवडणार नाहीत... पण खिशात लपवणार नाही."

"मग काय करशील त्यांचं?"

"सगळ्यांसमोर उचलून तुझ्या ताटात वाढीन. जन्मभर."

"हो," ती म्हणाली. "हो, हो."

मॅडमनी चष्मा सारखा केला आणि चव घेणाऱ्यांची यादी पुढे ओढली. "आता मात्र संबंध लागला. यांचं नाव काढावं लागेल."

"काढाच," ती त्याचा हात न सोडता म्हणाली. "पुढच्या वर्षी दोन देणारा एक कमी झाला."