अर्धी कॉलर

तो दुकानात शिरला, तेव्हा ती आईची खुर्ची पुसत होती. बाहेर सकाळपासून भुरभुर लागलेली.

"दार लावून घ्या," ती न बघताच म्हणाली. "ओल आली की दोरा फुगतो."

"तुम्ही खिडकीत बसून लेस विणता ना... त्याचं चित्र काढायचंय."

"माझं?"

"लेसचं. तुम्ही आपोआप येणारच त्यात."

ती नाही म्हणणार होती. आई गेल्यापासून ती सगळ्यालाच नाही म्हणत होती. पण आतून आत्याचा आवाज आला, "बसू दे गं त्याला. भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं."

तो बसू लागला, तिच्या समोर, आईच्या खुर्चीत. तिला ते पाहवत नव्हतं, पण दुसरी खुर्ची तरी कुठे होती? ती मांडीवर उशी घेई, टाचण्या टोचून त्यांच्याभोवती दोरे गुंफत जाई. दोऱ्यांच्या टोकांच्या लाकडी काड्या एकमेकींवर टकटकत. सगळं चित्र झालं, चेहरा, हात, खिडकीतलं ते मळकट आभाळसुद्धा. लेसवर मात्र त्याचं घोडं अडलं.

"दोरा कुठून कुठे जातो ते कळल्याशिवाय काढता येत नाही. शिकवाल?"

"काड्या मोडाल."

"माझी आजी विणायची. तिच्या काड्या मोडून मार खाल्लाय मी. आता सुधारलोय."

तिला हसू आलं... आणि लगेच हसल्याची लाज वाटली.

आईची उशी तिनंच माळ्यावरून काढून दिली. शिकवायला घेतली तीही आईचीच वेल, पानं डावीकडे झुकलेली. आईनं तिच्यासाठी याच वेलीची कॉलर विणायला घेतली होती. अर्धी झाली आणि आई अंथरुणाला खिळली. उरलेल्या अर्ध्या भागात पानं उजवीकडे झुकायला हवीत. पट्टी नुसती पालथी घालून चालत नाही, मागच्या गाठी दिसतात. त्यासाठी हात उलटे चालवावे लागतात, आणि ते फक्त आईला जमायचं. अर्धी कॉलर डब्यात तशीच पडून होती.

पाऊस सरत आला तेव्हा त्यानं विणलेली पट्टी उशीवरून उतरली. तिनं ती उजेडात धरली.

"अहो, हे काय केलंत? सगळी पानं उलटी. माझा उजवा हात चालला की तुम्ही डावा चालवलात. आरशात बघितल्यासारखं."

"समोर तुम्ही असल्यावर मी दुसरीकडे कशाला बघू?"

"उसवून टाका."

"आणि पुन्हा शिकवाल?" त्यानं विचारलं. मग ब्रश पुसत, खाली बघूनच म्हणाला, "चित्र तर झालं. उद्या सकाळी निघायला हवं... तिकडे शहरात वाट बघतायत चित्राची."

थांबा, एवढा एकच शब्द म्हणायचा होता.

"बरं," ती म्हणाली.

"बरं म्हणे," तो गेल्यावर आत्या करवादली. "तोंडात काय टाचण्या धरल्या होत्यास?"

ती आवरू लागली. त्याची पट्टी फेकवेना, म्हणून आईच्या डब्यात ठेवायला गेली. आत आईची अर्धी कॉलर होती. तिच्याशेजारी पट्टी ठेवली, आणि तिचा हात थबकला. आईची पानं डावीकडे, त्याची उजवीकडे. वीण कुठे सैल, कुठे ओढलेली... पण दोन्ही वेली मधोमध येऊन भेटत होत्या.

आई गेली तेव्हा ती रडली नव्हती. आता डबा मांडीवर घेऊन रडली. आत्यानं दिवा जवळ सरकवला आणि सुई ओवून दिली.

सकाळी तो निरोप घ्यायला आला. काखेत कापडात गुंडाळलेलं चित्र, खांद्याला पिशवी. दारातच थांबला. तिच्या गळ्याशी अख्खी कॉलर होती.

"ही..." तो म्हणाला. "ही चित्रात नाहीये."

"नाहीच आहे."

"मग चित्र चुकलंच की."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "असं चुकलेलं कसं न्याल?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. "पुन्हा बसावं लागेल. बरेच दिवस लागतील... कदाचित फारच."

तिनं पदरानं आईची खुर्ची पुसली आणि त्याच्यापुढे सरकवली.

"दार लावून घ्या," ती म्हणाली. "ओल येतेय."