चिखलाची बाजू

प्रेम ऋतू पाहत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. बंगळुरात मात्र हे सत्य दुपारच्या कॉफीपर्यंतच टिकतं. मग पाऊस येतो आणि प्रेमिकांसकट सगळे मिळेल त्या छपराखाली उभे राहतात.

१९५८ सालच्या अशाच एका दुपारी वसुमती चामराजपेटेत यल्लाप्पाच्या सायकल दुकानात उभी होती. ती मात्र पाऊस चुकवायला नव्हे, सायकल घ्यायला आली होती. मल्लेश्वरातल्या शाळेत तिला नुकतीच नोकरी लागली होती, आणि वडिलांनी, म्हणजे भीमाचार्यांनी, एकच अट घातली होती... ज्या दिवशी साडीवर चिखल घेऊन घरी येशील, त्या दिवशी नोकरी संपली. रस्त्यांना ही अट कुणी कळवली नव्हती.

"ही घ्या, अक्का. स्वल्प जड आहे, पण चिखल अंगाला लागणार नाही," यल्लाप्पा म्हणाला.

"असं तुम्ही सगळ्याच सायकलींबद्दल म्हणता."

"मग प्रयोग करून बघू या का?"

आवाज मागून आला, आणि तोही मराठीत, वसुमतीच्या आजोळच्या भाषेत. वसुमतीने वळून पाहिलं. उंच, सडपातळ, चष्म्यावर पावसाचे थेंब. दामोदर साताऱ्याहून इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आला होता. सायकल त्यालाही हवी होती. फक्त त्याचा विचार अजून पुरा होत नव्हता.

त्याने मगभर गढूळ पाणी मागवलं. पुरुषांची सायकल स्टँडवर चढवली, हाताने पायडल फिरवलं आणि मागच्या चाकावर पाणी ओतलं. मडगार्ड आखूड होतं. दामोदरच्या पांढऱ्या शर्टावर पोटापासून चष्म्यापर्यंत चिखलाची एक सरळ रेघ उमटली.

वसुमतीने पदर तोंडाला लावला.

"हसा," तो गंभीरपणे म्हणाला. "निष्कर्ष महत्त्वाचा."

मग लेडीज सायकल आली. लांब मडगार्ड, खाली रबराची झडप, साखळीवर पुरतं झाकण, चाकाला साडीची जाळी. एक शिंतोडाही उडाला नाही.

"पावसाला हीच. शास्त्राला बाई-पुरुष कळत नाही."

"मग तुम्हीही हीच घेणार?"

"मी...?"

"शास्त्र म्हणतंय ना!"

ती चाकाकडेच बघत होती, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू लपत नव्हतं. नाही म्हणायला दामोदरजवळ भक्कम कारणं होती. त्यातलं एकही त्या क्षणी आठवलं नाही. यल्लाप्पाने एका दुपारी दोन हिरव्या लेडीज सायकली विकल्या आणि दुसरीबद्दल काहीही विचारलं नाही.

कारखान्याच्या फाटकात लोक पोटभर हसले. दामोदरची पँट मात्र स्वच्छ राहिली. संध्याकाळी तीच पँट मल्लेश्वरात, वसुमतीच्या शाळेसमोर दिसू लागली.

"तुमचा कारखाना पूर्वेला ना?" वसुमतीने एकदा विचारलं.

"हो."

"आणि ही शाळा?"

"ती... तिथे नाही," त्याने कबूल केलं.

प्रयोगात एक गोष्ट राहून गेली होती — दुसऱ्यांची चाकं. एका संध्याकाळी दोघं परतत असताना मागून लॉरी आली आणि पुढे तळ्याएवढं डबकं. वसुमतीने ब्रेक दाबले. ओल्या चाकांवर ते नुसतेच घसरले. गेली नोकरी, तिच्या मनात आलं. तेवढ्यात दामोदर जिवाच्या आकांताने पायडल मारत लॉरीच्या आणि तिच्या मध्ये घुसला. सगळं डबकं त्याच्यावर आलं.

दोघं थांबली. तिने त्याचा चष्मा काढून पदराच्या... नाही, पदराच्या नव्हे, रुमालाच्या टोकाने पुसायला घेतला.

"मध्ये कशाला आलात?"

"ह्या बाजूला मी असलेला बरा."

"आज?"

"आज... आणि तुमची हरकत नसेल, तर — रोज."

पुसणारा हात थांबला. "मी नोकरी सोडणार नाही हं. लग्नानंतरही."

"मग तर रोजच लागेन."

"सरी," ती कानडीत होकार देत म्हणाली, इतकं हळू की त्याने तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.

भीमाचार्यांनी दारातच मुलीची साडी काठापासून पदरापर्यंत न्याहाळली. डाग नव्हता. मग त्यांची नजर मागे उभ्या चिखलाच्या पुतळ्याकडे गेली.

"हे काय?"

"ह्यांना अट नव्हती, अप्पा."

भीमाचार्यांनी आधी पाण्याची बादली पुढे केली, मग गोत्र विचारलं.

लग्न वैशाखात झालं. त्याच महिन्यात कारखान्याने बस सुरू केली. दामोदर एकदाही तिच्यात बसला नाही.