सतराव्या वळणाचा गुन्हेगार

माणसाचा खरा स्वभाव डोंगरातल्या वळणावरच कळतो. हे थोर वाक्य बर्निसमावशींच्या मोटेलच्या दारावर लाल अक्षरांत रंगवलेलं होतं. त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, संडास फक्त गिऱ्हाइकांसाठी असल्याचं लिहिलं होतं.

मोटेलसमोरून रस्ता सरळ अमेरिकेतल्या स्मोकी पर्वतात चढायचा. बारा मैलांत दोनशे चार वळणं. सगळे त्याला 'वेटोळं' म्हणत. उन्हाळ्यात लांबलांबचे मोटारसायकलवाले वेटोळ्यावर यायचे आणि त्यातले काही पडायचे. जो पडेल त्यानं गाडीचा मोडका तुकडा मोटेलसमोरच्या ओकच्या झाडाला स्वतःच्या हातानं टांगायचा, त्यावर नाव, गाव, तारीख आणि वळणाचा नंबर लिहायचा, आणि उभं राहून लोकांचं हसू ऐकून घ्यायचं, असा रिवाज होता. त्या झाडाचं नाव लाजेचं झाड.

"आली! आणखी एक आली!" कुंपणाच्या भिंतीवर बसलेला कोल्बी ओरडला.

वरून एक ट्रक हळूहळू उतरत होता. त्यात एक निळी मोटारसायकल आडवी पडली होती, आणि शेजारी एक पांढऱ्या केसांच्या बाई ताठ बसल्या होत्या.

"कुठलं वळण?" डेल्टानं विचारलं. डेल्टा म्हणजे बर्निसमावशींची तेरा वर्षांची मुलगी. असल्या चौकश्या करायचा हक्क आपल्यालाच आहे असं तिचं मत होतं.

"सतरावं," ट्रकवाला म्हणाला.

जूनीच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. "सतरावं? छे! शक्यच नाही!"

जूनी लेडबेटरला असं वाटायचं कारण होतं. सतराव्या वळणाचं रहस्य तिनं दोन आठवड्यांपूर्वीच सोडवलं होतं!

बारा वर्षांची जूनी सुट्टीत आजोबांकडे आली, आणि तीन आठवड्यांत सतराव्या वळणावर पाच जण पडले. एरवी वर्षातून एखादा पडायचा. जूनी, डेल्टा आणि जूनीचा दहा वर्षांचा आत्तेभाऊ कोल्बी यांनी तपास हाती घेतला. भिंग घेऊन रांगत रांगत त्यांनी डांबरावर तेलाचे थेंब शोधले. त्या थेंबांचा माग थेट ऑर्विल मिलसॅप्सच्या फाटकापर्यंत गेला. ऐंशी वर्षांचे ऑर्विलकाका दर शनिवारी आपल्या जुनाट ट्रकमधून उकडलेल्या शेंगांचं पातेलं घेऊन मोटेलवर यायचे, आणि ट्रक गळायचा. पडणारे लोकही शनिवारीच पडायचे. झालं! जूनीच्या आजोबांनी फोन केला आणि ऑर्विलकाकांच्या मुलीनं शहरातून येऊन ट्रकची चावी काढून घेतली. बर्निसमावशींनी 'शाब्बास, पोरी! हुशार ती हुशारच!' म्हणत सगळ्यांदेखत जूनीची पाठ थोपटली, तिघांना पीचचं आइस्क्रीम दिलं आणि त्यांचा फोटो भिंतीवर लावला. गेल्या शनिवारी एकही माणूस पडला नाही. आणखी काय पुरावा हवा?

आणि आज, या शनिवारी, ही बाई!

बाईंचं नाव फिलिस ग्रूबर. ओहायोच्या. निवृत्त गणित शिक्षिका. त्यांनी मोडलेली क्लचची लिव्हर हातात घेतली, तारेनं झाडाला बांधली आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं. जमलेले लोक रिवाजाप्रमाणे हसले. बाईही हसल्या, पण बांधलेली तार पुन्हा पुन्हा पिळत राहिल्या.

"तेलावरून घसरलात ना?" जूनीनं विचारलं.

"तेल कसलं, पोरी! माझ्या गुडघ्यांकडे बघ."

पँटचे दोन्ही गुडघे हिरवेगार होते. क्लचच्या लिव्हरच्या फटीतही काहीतरी हिरवं अडकलं होतं. जूनीनं ते नखानं काढून हुंगलं. गवत. ताजं कापलेलं.

ती धावत झाडाच्या पलीकडच्या बाजूला गेली. सतराव्या वळणाचे आधीचे पाचही तुकडे तिथं लोंबत होते. फुटका इंडिकेटर, वाकलेलं पायडल, दोन आरसे, हेडलाइटचा अर्धा पिंजरा. प्रत्येकाच्या सांदीत वाळलेलं गवत होतं. दोन आठवड्यांपूर्वी तिनं याच तुकड्यांवरच्या तारखा वहीत उतरवून घेतल्या होत्या. तारखांवरच लक्ष असल्यामुळे गवत तिला दिसलं नव्हतं.

"जूनी," कोल्बी मागून म्हणाला, "शुक्रवारी संध्याकाळी तूच गवत कापतेस ना? आजोबांच्या अंगणातलं? सतराव्या वळणावरचं?"

"गप्प बस."

"गेल्या शुक्रवारी पाऊस होता. तू कापलं नाहीस. आणि शनिवारी कुणी पडलं नाही..."

"कोल्बी, गप्प बस म्हटलं ना!"

कोल्बी गप्प बसला. त्यानं काही फरक पडला नाही.

आजोबांच्या अंगणात इतकी वर्षं बकऱ्या चरायच्या. यंदा आजोबांनी बकऱ्या विकल्या आणि गवत कापायचं यंत्र आणलं. त्याच्या उजव्या बाजूला कापलेलं गवत बाहेर फेकणारी एक प्लॅस्टिकची पन्हळ होती. "रस्ता उजव्या हाताला ठेवून ढकलत जायचं," आजोबांनी शिकवलं होतं, "म्हणजे सगळं गवत रस्त्यावर जातं आणि गोळा करत बसावं लागत नाही." जूनीला ही युक्ती फार आवडली होती. रात्रभर त्या गवतावर डोंगरातलं धुकं उतरायचं, आणि सकाळी पहिल्या मोटारसायकली यायच्या.

"कुणाला सांगायचं नाही," डेल्टा हळूच म्हणाली. "पुढच्या वेळी गोळा कर, बास! आपला फोटो लागलाय भिंतीवर!"

जूनीच्या कानांच्या पाळ्या भाजल्यासारख्या लाल झाल्या होत्या. तेवढ्यात मोटेलच्या आतून बर्निसमावशींचा आवाज आला, "त्या अकरा मोटारसायकलवाल्यांची न्याहारी होत आली का गं? बिलं काढ! निघालेत ते वर!"

अकरा मोटारसायकली ओळीनं उभ्या होत्या. तोंडं वेटोळ्याकडे.

आता आत जाऊन, 'थांबा, गवत मी टाकलंय,' एवढंच म्हणायचं होतं. सहा सेकंदांचं काम. जूनीनं दाराच्या मुठीला हात लावला, काचेतून भिंतीवरचा स्वतःचा फोटो पाहिला आणि हात मागे घेतला.

"खराटे घ्या!" ती म्हणाली. "आणि लाल टेबलक्लॉथ. दोन! सायकली काढा!"

सतरावं वळण मोटेलपासून मैलभर चढावर होतं. तिघं उभं राहून पायडल मारत होते. जूनीच्या पाठीवर बांधलेला खराटा तिच्या डोक्यावर आपटत होता, आणि तिला ते योग्यच वाटत होतं.

वळणावर सावली होती. डांबरावर हिरवा थर ओला, चकाकत पसरला होता. त्यात फिलिसबाईंच्या चाकाची लांब काळी रेघ उठली होती.

"डेल्टा, तू वर जा! कोल्बी, तू खाली! कुणालाही सोडू नका!"

खराट्याचे चारच हात मारून होतात तोच खालून गडगडाट आला. कोल्बी रस्त्याच्या मधोमध लाल टेबलक्लॉथ घेऊन नाचू लागला. अकरा मोटारसायकली एकामागून एक थांबल्या.

"काय झालं, पोरांनो?" पुढच्या दाढीवाल्यानं विचारलं.

"रस्त्यावर गवत आहे!"

"कुणी टाकलं?"

"पडलंय," जूनी म्हणाली. जणू ढगातून पडलं होतं.

गोंगाट ऐकून आजोबा अंगणातून खाली आले. हार्लन लेडबेटर. एक्केचाळीस वर्षं वेटोळ्यावर मोटारसायकल चालवत होते आणि लाजेच्या झाडाला त्यांनी एक स्क्रूसुद्धा टांगला नव्हता. ही गोष्ट ते नवीन माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत.

"हा काय तमाशा?"

जूनीनं त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. सांगताना ती त्यांच्या बुटांकडे बघत होती.

"वेडी आहेस," आजोबा दबक्या आवाजात म्हणाले. "गवतावरून कुणी घसरतं का! ऑर्विलचा ट्रक गळतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. झालं ते झालं. उगाच घराण्याचं नाव..."

"पण आजोबा, काल आपणच..."

"ज्याला चालवता येत नाही तो पडतो! थांब, दाखवतोच तुला."

"आजोबा, नको!"

आजोबांनी शेडमधून आपली काळी मोटारसायकल काढली, हेल्मेट चढवलं आणि अकरा प्रेक्षकांकडे मान डोलावली. मग ताशी दहा मैलांच्या वेगानं, अगदी ऐटीत, त्यांनी सतरावं वळण घेतलं. म्हणजे अर्धं घेतलं. उरलेलं अर्धं त्यांनी बुडावर घसरत घेतलं, आणि मोटारसायकल त्यांच्या पुढं पुढं सरकत रस्त्याकडेच्या खांबाला टेकली. खळ्ळकन आरसा फुटला.

आजोबांना लागलं नव्हतं. ते उठून उभे राहिले. मागून त्यांची पँट हिरवीगार होती.

अकरा जणांपैकी एकही हसला नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"चालवता येत नाही त्यांना?" कोल्बीनं खरोखरच विचारलं.

जूनी दाढीवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. "पडलं नव्हतं. मी टाकलं होतं," ती म्हणाली. "दर शुक्रवारी. सहा जण पडले. म्हणजे, आता सात."

दाढीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, गाडी स्टँडवर लावली आणि तिच्या हातातला खराटा घेतला. अर्ध्या तासात रस्ता साफ झाला. ज्यांच्या वाटेवर आपण गवत टाकलं त्यांनाच ते झाडताना बघणं, हा अर्धा तास जूनीला शाळेच्या एका वर्षाएवढा वाटला.

"बस मागं," मग आजोबा म्हणाले. "ऑर्विलकडे जाऊन येऊ."

एका आरशाची मोटारसायकल वेटोळं चढू लागली. डावीकडे वळण, उजवीकडे वळण, पुन्हा डावीकडे. एरवी जूनीला हे फार आवडायचं. आजोबांबरोबर कलायचं, खाली झाडांमधून धरणाचं निळं पाणी मध्येच दिसायचं, मध्येच लपायचं. समोरून येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला डावा हात खाली सोडून सलाम करायचा, आणि आजोबा ऐटीत उत्तर द्यायचे. आज लोकांनी सलाम केले. आजोबांचा डावा हात हँडलवरून हलला नाही. जूनीनं हेल्मेटची काच खाली ओढून घेतली.

ऑर्विलकाका व्हरांड्यात झुलत्या खुर्चीवर बसले होते. समोर ट्रक उभा होता. ट्रकखाली त्यांनी पत्र्याचं ताट सरकवून ठेवलं होतं, तेल जमिनीवर पडू नये म्हणून. जो ट्रक कुठं जाणारच नव्हता त्याच्याखाली!

जूनीनं सांगायला सुरुवात केली. मध्येच सगळं उलटसुलट झालं. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"गवत?" ऑर्विलकाकांनी विचारलं.

"हो."

"मग माझा ट्रक गळत नाही म्हणतेस?"

"गळतो. पण त्याच्यामुळे कुणी पडलं नाही."

म्हातारा खुर्चीत हलला. "पंचाईत झाली. मी त्या लोकांना पत्रं लिहिली गं. बर्निसनं फोनवर नावं-गावं वाचून दाखवली. चौघांना लिहिलं, की पोरांनो, माझ्या गाडीनं तुम्हाला पाडलं, या म्हाताऱ्याला माफ करा. पाचव्याचा पत्ता लागेना." त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं. "एकाचं उत्तरही आलंय. माफ केलं म्हणतो. आता त्याला काय कळवायचं?"

जूनीनं पाकिटावरचं नाव वाचलं. आजोबा हेल्मेट हातात फिरवत होते.

"तुझ्या मुलीशी मी बोलतो, ऑर्विल. चावीचं."

"तू नको, हार्लन. तू बोललास म्हणून तर चावी गेली. ही बोलेल."

जूनीनं आत जाऊन फोन लावला आणि तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. पलीकडे इतका वेळ शांतता होती, की फोन तुटला असं वाटून ती आनंदली. तो तुटला नव्हता.

"तिथंच थांब," मुलगी म्हणाली. "चावी घेऊन येते. आणि तुझ्या देखत देते."

बाहेर येऊन जूनी म्हणाली, "पाचही पत्रं मी लिहीन. पाचव्याचा पत्ताही शोधीन. सहावं फिलिसबाईंना."

"अक्षर बरं आहे का?"

"नाही."

"मग सावकाश लिही."

रविवारी दुपारी लाजेच्या झाडाखाली गर्दी जमली. आजोबांनी फुटका आरसा टांगला आणि चिठ्ठीवर लिहिलं: 'हार्लन लेडबेटर, इथलाच, वळण सतरा.' लोक रिवाजाप्रमाणे हसले. पण जोर कमी होता.

मग जूनी पुढं झाली. यंत्राची प्लॅस्टिकची पन्हळ तिनं शेजारच्या फांदीला तारेनं बांधली. चिठ्ठी लिहिली: 'जूनी लेडबेटर, वळण सतरा, सात वेळा. ऑर्विल मिलसॅप्स: एकदाही नाही.'

कुणी हसलं नाही. ऑर्विलकाका ट्रकच्या पायरीवर उभे राहून शेंगा वाटत होते. त्यांनी जूनीच्या ओंजळीत इतरांएवढ्याच टाकल्या. जास्त नाही, कमी नाही.

"खरं सांगायला धाडस लागतं!" बर्निसमावशी डोळे पुसत म्हणाल्या. "शाब्बास, पोरी! हुशार ती हुशारच!" त्यांनी सगळ्यांदेखत जूनीची पाठ थोपटली आणि तिघांना पीचचं आइस्क्रीम दिलं. शब्द तेच होते, आइस्क्रीमही तेच. दाढीवाल्यानं टाळ्या वाजवल्या, डेल्टानं वाकून नमस्कार केला. जूनीनं आपलं आइस्क्रीम कोल्बीला दिलं.

"मावशी, तो भिंतीवरचा फोटो काढाल का?"

"अगं, त्याच्यामागं भिंतीला भोक आहे," मावशी म्हणाल्या. "राहू दे."

पन्हळ झाडावर दोन दिवस लोंबली. मंगळवारी आजोबांनी ती काढून आणली. गवत वाढलं होतं, आणि यंत्र पन्हळीशिवाय चालत नव्हतं.