हत्ती आणि दार

माझ्या हत्तीने पाय उचलला. उचलून तो थांबला. मग तो पाय खाली येईपर्यंत एखाद्या माणसाचं शिक्षण पूर्ण झालं असतं.

"याला गुडघ्याचा त्रास आहे का?" शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

मी मान वळवली. निळा शर्ट, मांडीवर लॅपटॉप, चेहरा कमालीचा गंभीर. डोळे मात्र… ते अजिबात गंभीर नव्हते.

"हत्ती ठणठणीत आहे," मी म्हणाले. "लॅपटॉप आजारी आहे. काल मामाने तो पूर्ण साफ करून दिला. तेव्हापासून असा."

"मामा कॉम्प्युटरमधले?"

"कॉम्प्युटरच्या दुकानाशेजारी त्याचं चपलांचं दुकान आहे."

त्याने दुखवट्याला आल्यासारखी मान हलवली.

हा ॲनिमेशनचा स्टुडिओ होता. जागा एक, इच्छुक दोन. आत बोलावलं की आपण बनवलेली हालचाल मोठ्या पडद्यावर दाखवायची. माझा हत्ती जिना उतरतो आणि शेवटच्या पायरीवर लाजतो. वर्षभर पोसला होता मी त्याला. आज तो उतरणार म्हणजे उतरणार!

"तुम्ही काय आणलंय?" मी विचारलं.

"दार."

"दार?"

"उघडतं. मग बंद होतं."

"बस्स?"

"पण फार छान उघडतं हो…"

प्रतिस्पर्ध्याकडे बघून हसू नये, म्हणून मी खोकले. त्याने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. खोकला खोटा आहे हे त्याला कळलं होतं — आणि मी तरीही पाणी प्यायले.

मग तो वाकून माझ्या पडद्याकडे बघू लागला. त्याच्या केसांना साबणाचा वास होता. मी मात्र फक्त सेटिंग्जकडे बघत होते. बहुतेक वेळ.

"हे बघा. तुमच्या ग्राफिक्स कार्डाला लॅपटॉप ओळखतच नाहीये. नुसतं 'बेसिक' म्हणतोय. मामांनी सगळं पुसलं, त्यात कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हरही गेला. आता आहे तो सगळ्यांसाठी एकाच मापात शिवलेला शर्ट. घालता येतो, पण हात वर केला की उसवतो."

"माझ्या हत्तीने पाय वर केलाय."

"तेच तर." त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला. "माझ्या लॅपटॉपचं मॉडेल हेच. कंपनीचा खरा ड्रायव्हर मी सोबतच ठेवतो. लोक रुमाल ठेवतात तसा."

आम्ही ड्रायव्हर टाकला. लॅपटॉप बंद होऊन सुरू झाला. हत्ती दोन पायऱ्या झरझर उतरला… पडदा लुकलुकला… आणि हत्ती पुन्हा पाय वर करून विचारात पडला.

"वायफाय!" तो कपाळाला हात लावून म्हणाला. "चुकलंच माझं. नेट चालू असलं की लॅपटॉप स्वतःहून अपडेट शोधतो आणि तोच उसवलेला शर्ट परत चढवतो. जाम प्रेमळ असतो."

वायफायचा पासवर्ड रिसेप्शनच्या मॅडमनी आल्या आल्या, चहाच्याही आधी दिला होता. त्याच मॅडम आता माझं नाव पुकारत होत्या.

मी खुर्चीतून हललेच नाही. तो मात्र उठला.

"मॅडम, आधी मी गेलो तर चालेल?"

"नंबर बदलत नाही आम्ही."

"पोटात गडबड आहे हो. आत्ता नाही गेलो, तर नंतर आत काय होईल सांगता येत नाही."

मॅडमनी खुर्ची मागे सरकवून वाट दिली. जाता जाता तो माझ्याकडे झुकला. "नेट तोडा. जुना काढा. मग खरा टाका. जमेल तुम्हाला."

आईचा फोन आला, मी लॅपटॉपचं रडगाणं सांगितलं. "टीव्हीला मारते तशी एक चापट मार त्याला," ती म्हणाली. मी फोन बंद केला. वायफाय तोडलं. जुना ड्रायव्हर काढला, खरा टाकला. पडदा काळा झाला. काळाच राहिला. त्यात माझाच चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा काही केल्या हरायला तयार नव्हता.

उजेड आला. हत्ती जिना उतरला. लाजला.

दार उघडून तो बाहेर आला, मी आत गेले. टेबलावर मोठ्या पडद्याची केबल मांडून ठेवलेली होती.

"लावा," चष्मेवाले साहेब म्हणाले. "आधीचा मुलगा बजावून गेलाय, पुढच्या मुलीला वायफाय जोडायला सांगायचंसुद्धा नाही. स्वतःचं दार एकदाच दाखवलं त्याने. उरलेला वेळ तुमच्या हत्तीबद्दलच बोलत होता."

हत्ती मोठ्या पडद्यावर उतरला, शेवटच्या पायरीवर लाजला. मीही. हत्तीला निदान सराव होता.

"सोमवारपासून या," साहेब म्हणाले.

बाहेर तो अजून त्याच खुर्चीत होता.

"पेनड्राइव्ह राहिलाय माझा," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून हळूच — "मिळाली ना?"

मी मान डोलावली. "तुमची जागा घेतली मी."

"तुमचीच होती. मी दार घेऊन आलो होतो… आता दुसरीकडे दाखवेन. कोणाला तरी लागेलच की दार."

"पोट?"

"बरं आहे. छातीत जरा धडधडतंय."

"मग ऐक," मी म्हणाले. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. "पेनड्राइव्ह मी देणार नाही. तो मागायला तू रोज यायचं. आणि रोज मी नाही म्हणणार."

"कधीपर्यंत?"

"तू दुसरं काहीतरी मागेपर्यंत."

तो उठला. पुढे होऊन त्याने स्टुडिओचं काचेचं दार माझ्यासाठी उघडून धरलं… हळू, मुळीच न करकरता, शेवटपर्यंत.

खरंच फार छान उघडतं.