चौदावं डोकं

“हात पुढे करा.”

त्यानं हात पुढे केला. मी त्याच्या मनगटाजवळ नाक नेलं, एक श्वास घेतला आणि म्हणाले, “नळावर जा.”

“आत्ताच तर जाऊन आलो!”

“परत जा. कोपरापर्यंत धुवा. आणि मानेलासुद्धा काहीतरी फासलंय तुम्ही.”

“मान तर तुम्ही हुंगलीच नाही,” तो अगदी साळसूद चेहऱ्यानं म्हणाला.

रांगेतली माणसं हसली. मला राग आला आणि… खरं सांगायचं तर रागाबरोबर आणखीही काहीतरी आलं. पण तेव्हा ते मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

आमच्या बोटीची ही रीतच आहे. दुपारी चारला धक्क्यावरून निघायचं. उजेड आहे तोवर प्रवाळाजवळ स्नॉर्केलिंग, म्हणजे डोळ्यांवर मास्क आणि तोंडात नळी लावून पालथं तरंगत मासे बघायचे. अंधार पडला की शेजारच्या खाडीत शिरायचं. त्या खाडीचं पाणी हललं की निळं चमकतं. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे बारीक जीव असतात पाण्यात, ते चमकतात. उन्हाचं लोशन आणि डासांचं मलम त्यांच्या जिवावर उठतं. म्हणून चढणाऱ्या प्रत्येकाचा हात हुंगायचा आणि वास आला की नळावर पिटाळायचं. हे काम गाईडचं. गाईड मी, आणि बोट माझ्या मामाची.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा कॉलर ओलीचिंब होती आणि चष्म्यावरून थेंब ओघळत होते.

“आता तरी पास?”

“पास.”

“पहिल्या वर्गात?”

“ग्रेस मार्क देऊन,” मी म्हणाले.

त्याच्यामागे त्याची आत्या होती. साठीची, गोलमटोल आणि अखंड बोलणारी. तिनं स्वतःहून दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले. “पोरी, माझ्या भाच्याला इतकं घासूनपुसून आजवर कुणी घेतलं नव्हतं हं! चष्म्याचं दुकान आहे त्याचं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघतो मेला, पण स्वतःसाठी कुणाच्या डोळ्यांत बघायला सवड नाही.”

“आत्या!” तो म्हणाला आणि घाईघाईनं बोटीत चढताना त्याचं डोकं छताच्या दांडीवर आपटलं. मी हसू दाबलं… पण ते काही नीट दबलं नाही.

प्रवाळाजवळ नांगर टाकला. चौदा प्रवासी नारिंगी जॅकेटं घालून पाण्यात उतरले, मागोमाग मी. दर पाच मिनिटांनी डोकी मोजायची आणि सुकाणूवर बसलेल्या मामाला आकडा ओरडून सांगायचा, हा नियम. मी मोजली आणि ओरडले, “चौदा!”

आता इथे माझं गुपित सांगायला हवं. गेली दोन वर्षं मला लांबचं धूसर दिसत होतं. आणि मामाचा कायदा असा, की चष्मा लागलेला माणूस पाण्यात गाईड म्हणून नको. माझ्या आधीच्या गाईडला नंबर लागला, तर मामानं त्याला दुसऱ्याच दिवशी तिकीट खिडकीत बसवलं. मला खिडकी नको होती. दहाव्या वर्षापासून मी या पाण्यात आहे. ते सुटलं असतं तर माझं काय उरलं असतं, मला खरंच ठाऊक नव्हतं. म्हणून दरवर्षी मामाच्या ऑफिसात डोळे तपासायचे तेव्हा मी भिंतीवरचा तक्ता घडाघडा म्हणून दाखवायची. तक्ता कधीच बदलला नाही आणि माझं पाठांतर पहिल्यापासून चांगलं.

“तेरा,” शेजारून आवाज आला.

चष्मेवाला होता. तोंडातली नळी काढून, मास्कमधून माझ्याकडे बघत.

“काय?”

“तेरा आहेत. तुम्ही मोजलेलं चौदावं डोकं… तो नांगराचा तरंगता बोया आहे. नारिंगी. आत्या दिसत नाहीये.”

मी हात मारायला लागले. बोटीच्या मागच्या बाजूला पाण्याला ओढ होती, तिकडेच वळले. चांगली शंभर हात लांब गेली होती ती. पालथी, निवांत, दोन्ही पाय हलवत… आणि नळीतून चक्क गुणगुणत. मी खांद्याला धरलं तेव्हा वैतागलीच माझ्यावर.

“संपली वेळ? अगं, कासव होतं खाली! केवढा रुबाब त्याचा!”

मी तिला ओढत बोटीपाशी आणलं. मामाला कळलं नाही. आत्यालाही कळलं नाही. एका माणसानं मात्र सगळं पाहिलं होतं.

सगळे वर आल्यावर तो टॉवेल घेऊन माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता हा मामाकडे जाणार. पण त्यानं टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि अगदी हळू विचारलं, “किती नंबर आहे?”

“कसला नंबर?”

“बरं,” तो म्हणाला आणि आत्याशेजारी जाऊन बसला. त्याच्या त्या ‘बरं’चा मला फार त्रास झाला.

खाडीत शिरलो तेव्हा सात वाजून गेले होते. मामानं इंजिन बंद केलं. कडेला झाडी, वर आभाळ, आणि बोटीच्या पोटाला लागलेल्या लाटेवर निळा उजेड. लोक “अगं बाई!” करायला लागले. मी माझं रोजचं भाषण सुरू केलं, “हात पाण्यात घाला आणि बोटं हलवा. ठिणग्या दिसतील. प्रत्येक ठिणगी वेगळी…”

“तुम्हाला दिसतात?” तो माझ्या कानाशी म्हणाला.

मी उत्तर देणार नव्हते. पण अंधार होता, आणि त्याच्या आवाजात पकडल्याचा आनंद नव्हता.

“नाही,” मी म्हणाले. “हाताजवळचं दिसतं. त्यापलीकडे… दूध सांडल्यासारखं.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं.”

त्यानं स्वतःचा चष्मा काढला आणि मला लावला. दांड्या कानांमागे बसवताना त्याची बोटं माझ्या केसांत अडकली. “मायनस तीन आहे, तुम्हाला थोडा जड जाईल. पण बघा.”

मी पाहिलं.

ठिणग्या होत्या! मी दोन वर्षं तोंडपाठ सांगत होते त्या खऱ्याच होत्या, वेगवेगळ्या, टिपून घ्याव्यात अशा. एक मासा पाण्याखालून सुसाट गेला आणि त्याच्यामागे निळी रेघ उमटली, पार झाडांपर्यंत. माझे डोळे भरून आले. मग विजेरीच्या उजेडात मला मामा दिसला. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. कधी झाल्या? आणि आत्या, दहा हातांवर, लहान मुलीसारखी पाणी उडवत बसलेली. ही बाई आज माझ्यामुळे गेली असती… हे मला तेव्हा पुरतं कळलं.

“तुम्हाला काय दिसतंय आता?” मी त्याला विचारलं.

“दूध,” तो म्हणाला. “आणि तुम्ही. तुम्ही जवळ आहात म्हणून नीट दिसताय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावातल्या त्याच्या दुकानात गेले. त्यानं खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकायला सांगितला आणि समोर बोट केलं, “वाचा.” मी सवयीनं सुरू झाले, वरची ओळ, मधली ओळ, शेवटची बारीक ओळ, सगळं एका दमात.

“वा!” तो म्हणाला. “एकही चूक नाही. पण तक्ता मी अजून लावलाच नाही. ते कॅलेंडर आहे.”

मी तोंड लपवलं. हसता हसता त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. मग तपासून झालं. मायनस अडीच निघाला. शेवटी पट्टी घेऊन तो माझ्यासमोर बसला. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं होतं.

“माझ्या डोळ्यांत बघा. हलू नका.”

मी बघितलं. तोही बघत होता. जरा… जास्तच वेळ.

“बासष्ट,” तो पुटपुटला. पुन्हा मोजलं. “साठ.” पुन्हा. “चौसष्ट? असं कधी होत नाही माझं.”

“पट्टी हलतेय तुमची,” मी म्हणाले.

“पट्टी नाही हलत,” तो म्हणाला आणि उठून उगाचच पंखा वाढवून आला.

माझ्या मास्कमध्ये नंबरच्या काचा बसवायला दहा दिवस लागणार होते. त्याचा स्वतःचा मास्क तसाच होता, म्हणून तर त्याला बोया बोयासारखा दिसला होता. “पण मामांना तुम्ही सांगायचं,” दारात तो म्हणाला. “मी नाही सांगणार. तुमचं आहे ते.”

मी त्याच दुपारी सांगितलं. तक्ता, बोया, आत्या, सगळं. मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता दोर गुंडाळत राहिला.

“नंबर लागतो माणसाला, त्याचं काही नाही,” शेवटी म्हणाला. “पण दोन वर्षं माझ्या बोटीवर माणसं अंदाजपंचे मोजलीस? आणि मी तुझ्या आकड्यावर नांगर उचलत होतो.”

“कायदा तुझाच होता मामा. म्हणून घाबरले.”

“कायदा चुकीचा असेल. पण खोटं तू बोललीस.”

मामानं मला तिकीट खिडकीत बसवलं. दहा दिवस मी तिकिटं फाडली आणि रोज चारला बोट सुटताना बघितली. रोज संध्याकाळी चष्मेवाला यायचा, खिडकीशी उभा राहून कसल्या तरी गप्पा मारायचा, तिकीट मात्र कधीच घ्यायचा नाही. तो गेला की खिडकी आणखी लहान वाटायची.

अकराव्या दिवशी सकाळी मास्क घेऊन तो आला. मामा आम्हा दोघांना बोटीतून प्रवाळापाशी घेऊन गेला आणि कुणाला काही कळायच्या आत स्वतःच पाण्यात उतरला. साठी उलटलेला माणूस! पोहत लांब गेला आणि हात वर करून ओरडला, “किती बोटं?”

मी मास्क लावून पाण्यात, शिडीला धरून. “तीन!”

“आता?”

“एक! आणि करंगळी आहे!”

आणखी लांब. “आता?”

“बोटं नाहीत, मूठ आहे! मामा, दात वाजतायत तुझे, ये आता!”

मामा कुडकुडत वर आला. टॉवेल गुंडाळून चष्मेवाल्यासमोर बसला. “दिसतंय तिला. पण नंबर वाढत असतो. पुढे काय?”

“दर सहा महिन्यांनी तपासायचा. काचा बदलायच्या. मी बघेन ते.”

“किती वर्षं बघशील?”

चष्मेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पायांकडे, मग मामाकडे. “म्हणजे… त्या म्हणतील तितकी.”

अंग पुसता पुसता मामा थांबला. मी अजून शिडीवर, कमरेपर्यंत पाण्यात. मास्कनं नाक दाबलेलं, त्यामुळे आवाज सर्दी झाल्यासारखा. पण मास्क काढला असता तर त्याचा चेहरा दिसला नसता, म्हणून मी तसंच बोलले.

“मला तू आवडतोस,” मी म्हणाले. “मामासमोरच सांगते. एक गोष्ट दोन वर्षं दडवली, तर काय होता होता राहिलं ते पाहिलंय मी. ही नाही दडवणार.”

मामा उठला. “इंजिन बघतो,” म्हणाला आणि पाठ फिरवून बसला. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.

चष्मेवाला बोटीच्या दुसऱ्या टोकाला होता, चांगला बारा फुटांवर. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. पण त्याचे दोन्ही कान हळूहळू लाल होत गेले आणि ते मला तेवढ्या लांबून अगदी स्वच्छ दिसले.