राखाडी सेनापतीचा झगा

"मी नाही म्हणणार," ठिणगी म्हणाली आणि माइकसमोरून सरळ बाजूला झाली.

काचेपलीकडे बसलेल्या मामाने कपाळाला हात लावला. म्हणायचे होते ते फक्त दोन शब्द, 'जाऊ नका.' अ‍ॅनिमे मालिकेच्या शेवटच्या भागात राखाडी सेनापती बेट सोडून निघतो आणि गावातली मुलं त्याला हाक मारून थांबवतात, असा तो प्रसंग होता. सेनापतीला आपल्या भाषेतला आवाज मामाचा होता. मुलांच्या आवाजासाठी त्याने सुट्टीला आलेल्या भाचरांनाच डबिंग स्टुडिओत आणलं होतं. भाचरं म्हणजे ठिणगी आणि तिचा धाकटा भाऊ चुळबुळ. शिवाय मामाच्या शेजारची लांबोडीही होती, कारण जिथे हे दोघं तिथे ती असायचीच.

"कालपर्यंत 'गद्दार, गद्दार' म्हणून घसा फोडत होतीस," मामा म्हणाला.

"ते खरं होतं ना! दीपगृह कुणी जाळलं? यानेच. दीपगृह सांभाळणाऱ्या दिवेवालीला गोड बोलून किल्ली कुणी काढून घेतली? यानेच. आणि आता दोन शब्द हळू बोलला की आम्ही लगेच विरघळायचं? माझ्या तोंडून निघतच नाही ते."

"तिच्या तोंडून निघत नाही म्हणजे कठीण आहे," लांबोडी म्हणाली. "एरवी काय वाटेल ते निघतं."

मामा हसला, पण त्याचं हसू फार टिकलं नाही. दारात स्टुडिओच्या मालकीणबाई उभ्या होत्या.

"तुमची भाची म्हणते तेच सगळे प्रेक्षक म्हणताहेत," त्या म्हणाल्या. "हा माणूस सुधारला हे कुणाला पटतच नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण आवाजच कमी पडतोय. शेवटच्या भागासाठी मी दुसरा कलाकार बोलावलाय. तो उद्या दुपारी येईल."

मामा "बरं" एवढंच म्हणाला. इतकी वर्षं त्याच्या वाट्याला 'पहिला शिपाई', 'दुकानदार' असलेच आवाज यायचे. एकदा तर त्याने नुसता घोडा केला होता. सेनापती ही त्याची पहिली मोठी भूमिका होती आणि ती ऐन शेवटाला हातची जात होती. ठिणगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकीणबाईंच्या मनात ते आधीपासून असेलही, पण आगीत तेल ओतलं ते आपणच, असं तिला वाटत राहिलं.

घरी आल्यावर तिने मालिकेचे झालेले भाग पुन्हा लावले. मामाचा आवाज नेमका कुठे कमी पडतो ते तिला ऐकायचं होतं. डोळे मिटून ऐकलं, तर तो कुठेच कमी पडत नव्हता. सेनापती आधी कडक बोलत होता, मग कमी बोलत होता, मग थकल्यासारखा बोलत होता. फक्त तसं का, ते कळत नव्हतं.

चुळबुळ मात्र ऐकत नव्हता. तो सोफ्याच्या पाठीवर उलटा लटकून नुसतं बघत होता.

"त्याचा झगा आखूड झालाय," तो म्हणाला.

"धुतल्यावर आटला असेल," लांबोडी म्हणाली.

"गंमत नाही करत. आधी जमिनीवर लोळायचा. आता गुडघ्यापर्यंतच आहे."

तिघांनी मागचे भाग लावून पाहिले. पोरगं बरोबर बोलत होतं. दीपगृह जळतं त्या भागात सेनापतीचा राखाडी झगा त्याच्यामागे फरफटत होता. मग तो घोट्यापर्यंत आला, मग गुडघ्यापर्यंत, आणि शेवटी तर कमरेलाच संपत होता. कडा फाटलेल्या होत्या, पण झगा फाटताना कुठेच दिसत नव्हता.

"चित्र काढणाऱ्यांची चूक असेल," लांबोडी म्हणाली.

"चूक असती तर मध्येच कधी लांबही झाला असता," ठिणगी म्हणाली. "हा आखूडच होत चाललाय. म्हणजे त्याचं काहीतरी होतंय आणि आपल्याला ते दिसत नाहीये."

त्यांनी मामाला विचारलं, पण त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच्यापुढे फक्त बोलण्याचे तुकडे यायचे. जिथे कुणी बोलत नाही, ते स्टुडिओत बघतंच कोण? तसल्या तुकड्यांना तर फक्त संकलककाकांचा हात लागायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं संकलककाकांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. काका कायम घाईत असायचे आणि त्यांचा चहा कायम गार व्हायचा.

"काका, तुम्ही मूळ भागातलं काही कापता का?" ठिणगीने विचारलं.

"बोलण्यातला एक शब्द कापत नाही मी," काका म्हणाले. "शेवटचं गाणं झालं, नावांची रांग सुरू झाली, की तिथे कापायचं. पुढे परक्या लिपीतली नुसती नावं. कोण बघतंय ती?"

ठिणगीने लांबोडीकडे पाहिलं.

"आम्ही बघतो ना," लांबोडी चेहरा गंभीर ठेवून म्हणाली. "नावं बघायला आम्हाला फार आवडतं."

"वाचता येतात का?"

"नाही. पण दिसायला छान असतात."

काकांनी त्यांच्याकडे वेड्यांकडे बघावं तसं पाहिलं. पण चहा गार होत होता आणि ही ब्याद टळायला हवी होती. त्यांनी दीपगृहाच्या भागातली मूळ नावांची रांग लावून दिली. "बघा मनसोक्त. पण कशालाही हात लावायचा नाही," असं बजावून ते कप घेऊन बाहेर पडले.

खबरदारी म्हणून चुळबुळ स्वतःच्या हातांवर बसला.

नावं वर सरकत राहिली. मग पडदा काळा झाला. "संपलं," लांबोडी पुटपुटली. तेवढ्यात वाऱ्याचा आवाज आला.

काळोखात समुद्रकाठचा खडक दिसला. त्यावर राखाडी सेनापती एकटा बसला होता. त्याने आपल्या झग्याची कड दातांत धरली आणि एक लांब पट्टी फाडली. ती मांडीवर वळून त्याची वात केली, एका शिंपल्यात तेल ओतून ती त्यात ठेवली आणि पेटवली. वाऱ्याने ती विझली. त्याने पुन्हा पेटवली आणि या वेळी उघड्या हाताने आडोसा धरला. हात पोळत होता, तरी त्याने तो काढला नाही. लांबवर एक होडी वळली आणि त्या इवल्या उजेडाच्या रोखाने किनाऱ्याला लागली. होडीतली माणसं उतरायच्या आत सेनापती अंधारात निघून गेला.

चुळबुळ अजूनही हातांवरच बसला होता.

"अरे, अजून बघताय?" काका परत आले होते. मग त्यांची नजर पडद्यावर गेली आणि कप तसाच हातात राहिला.

त्यांनी कुणी न सांगताच पुढचा भाग लावला, मग त्याच्या पुढचा. प्रत्येक नावांच्या रांगेमागे तोच खडक होता, दिवे वाढत होते आणि झगा कमी होत होता. एका भागात दिवेवाली झाडाआडून हे सारं बघताना दिसली. पुढच्या भागात सेनापती येण्याआधीच खडकावर तेलाचं भांडं भरून ठेवलेलं होतं. शब्द एकही नव्हता. म्हणूनच तर ते सगळं कापलं गेलं होतं.

ठिणगीचं नाक लाल झालं होतं. "दीपगृह त्यानेच जाळलं, ते काही बदलत नाही," ती म्हणाली. "पण याने कुणाला सांगितलंसुद्धा नाही. माफीही मागितली नाही. नुसता दिवे लावत बसला, वेडा कुठला."

मामा हाक मारताच आला, मालकीणबाईंना मात्र हाताला धरून आणावं लागलं. "मला वेळ नाही," असं म्हणत त्या उभ्यानेच बघू लागल्या आणि मग खुर्ची ओढून बसल्या. सगळं संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"हे कुणी कापलं?"

"मी," संकलककाका म्हणाले. "नावं समजून."

"आणि मीही कधी शेवटपर्यंत पाहिलं नाही." त्या मामाकडे वळल्या. "आवाज कमी पडत नव्हता हो. आम्हीच तुमच्या सेनापतीची अर्धी गोष्ट कापून टाकली. त्या कलाकाराला मी फोन करते, येऊ नका म्हणून. शेवटच्या भागाआधी हे सगळे तुकडे एकत्र दाखवायचे. आणि या तिघांना कुणी काही खायला द्या. आमच्या स्टुडिओत डोळे उघडे ठेवणारी एवढीच माणसं दिसताहेत."

"मी तर उलटा होतो," चुळबुळ म्हणाला.

दुपारी ठिणगी पुन्हा माइकसमोर उभी राहिली. पडद्यावर सेनापती होडीकडे निघाला होता आणि त्याच्या खांद्यावर झग्याची चिंधी तेवढी उरली होती. तिने तोंड उघडलं, तर आवाज मध्येच फाटला. "पुन्हा घेऊ का?" तिने डोळे पुसत विचारलं. काचेपलीकडून मामाने मानेनेच नको म्हटलं.

शेवटचा भाग लागला त्या दिवशी मामाचं घर माणसांनी भरलं होतं. आजी, आजोबा, लांबोडीचे आईबाबा, सगळे जमले होते. दिवेवालीने नव्या दीपगृहाची किल्ली सेनापतीच्या पोळलेल्या हातावर ठेवली, गाणं वाजलं, नावं सरकू लागली. सगळे डोळे पुसत, मामाची पाठ थोपटत उठू लागले. आजोबांनी तर चपलाही शोधायला घेतल्या.

ठिणगी दारात जाऊन आडवी उभी राहिली.

"जाऊ नका," ती म्हणाली.