सालदार शैला

"अजून कोणाला सालानं राहायचंय? बोला भराभरा!" झुलाल नानांनी ओसरीवरच्या बाजेवरून हाक दिली.

"मला!"

अंगणात बसलेल्या सगळ्यांच्या माना एकदम मागे वळल्या. दारात शैला उभी होती. झुलाल नानांची पुतणी, नुकतीच बारावीची परीक्षा देऊन धुळ्याहून गावी आलेली, आणि पहिलीपासून वर्गातला पहिला नंबर न सोडलेली शैला!

नानांनी डोळे बारीक केले. "तुला?"

"हो. आजपासून पुढच्या आखाजीपर्यंत मला सालदार म्हणून ठेवा."

असा काही हशा पिकला, की गोठ्यातली म्हैस दचकून उभी राहिली!

जळगावच्या पिंप्राळ्यातून सुट्टीला आलेली दहा वर्षांची आतेबहीण बेबी तेवढी हसली नाही. तिनं शैलाच्या धाकट्या भावाला, भिकनला, कोपरानं ढोसलं. "सालदार म्हणजे काय रे?"

"वर्षभरासाठी शेतावर कामाला राहतो तो. आखाजीला, म्हणजे आज अक्षय्य तृतीयेला, त्याचं वर्ष संपतं. राहायचं असेल तर आजच नवं ठरवायचं, नाहीतर पायताण घालून चालू लागायचं!"

"आणि शैलाताई सालदार होणार?"

"ते नंतर. आधी भाऊंचा चेहरा बघ!"

भाऊ म्हणजे त्यांचे वडील, अभिमनभाऊ. धुळ्याला कचेरीत कारकून होते आणि सणाला गावी आले होते. त्यांचा चेहरा पिकल्या टरबुजासारखा लाल झाला होता.

"जळगावच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलंय तुझं!"

"कोणी ठरवलं?"

"मी!"

"भाऊ, बारा वर्षं तुम्ही सांगितलं ते मी पाठ केलं. आता एक वर्ष माझं! पाटाखालचं शेवटचं वावर पडीक आहे, ते मला द्या. पगार नको. परीक्षा संपल्या संपल्या मी तिथं मिरचीचं रोप टाकलंय. ते मी वाढवीन, लावीन, बाजारात नेईन. पुढच्या वर्षी कुठल्या कॉलेजात जायचं, तेही मीच सांगीन. कॉलेज काय, वर्षभरात पळून जातंय?"

"कॉलेज नाही पळत," आई, सुनंदाबाई, काळजीनं म्हणाल्या, "पण मुलगी घरी बसली की लोक स्थळं घेऊन येतात गं!"

"घरी कोण बसतंय? मी वावरात उभी राहणार आहे!"

"पोरी, येडी शे का तू?" नाना हसू दाबत म्हणाले. पण भाऊ हसले नाहीत. त्यांनी मिशी कुरवाळली.

"ठीक. निकालाच्या दिवसापर्यंत तुझं रोप जगलं, तर वर्ष तुझं. करपलं, तर मुकाट्यानं जळगाव! कबूल?"

"कबूल! सगळ्यांसमोर बोललात, भाऊ. शब्द फिरवायचा नाही."

---

आणि तिसऱ्याच दिवशी पाटाचं पाणी आलं नाही!

पांझरा नदीवरच्या दगडी बंधाऱ्यातून निघालेला तो पाट फार जुना. गावाची, पिंपरखेड्याची, सगळी बागायत त्याच्यावर. पाटाची रीत मोठी कडक होती. पाणी कोणी आपल्या हातानं घ्यायचं नाही. पाटकरी फावडं घेऊन येणार, आणि तो देईल तेव्हा, देईल तेवढं घ्यायचं. पाट फोडणं म्हणजे गावातला सगळ्यांत मोठा गुन्हा! सोयरीक मोडली जायची त्यावरून.

शैलाचं वावर पाटाच्या शेवटच्या टोकाला. ती पोचली तेव्हा पाटाच्या तळाला भेगा पडायला लागल्या होत्या. बोटभर वाढलेल्या रोपांनी माना टाकल्या होत्या. वर खानदेशातलं ऊन, नुसती भट्टी!

"ताई, हे मेलं का?" बेबीनं एक रोप हळूच उचलून धरलं.

"मरायला काय झालं? ए चुडामण, खातोस काय? घागर उचल!"

चुडामण म्हणजे झुलाल नानांचा मुलगा. चौदा वर्षांचा, गोलमटोल, आणि सुट्टीभर हातात टरबुजाची फोड. चौघांनी नदीवरून घागरी वाहिल्या. डोक्यावर चुंबळ, पायाखाली तापलेली वाळू. भिकन तर एका पायावर नाचतच यायचा. पण एवढ्या वाफ्यांना घागरींनी काय होतं? पाणी ओतलं की सुईऽऽ करून जमिनीत गडप!

"पाटकऱ्याला विचारू या," शैला म्हणाली.

पाटकरी हिलाल आबा काही सापडले नाहीत. त्यांची बायको भागाबाई चुलीपुढून म्हणाली, "पत्त्यांवर बसले असतील. आखाजी ना! हे चार दिवस गावातला एक पुरुष घरी दिसला तर मला सांग."

ते खरंच होतं. त्या काळी आखाजीला मुलींना झोके आणि पुरुषांना पत्ते, अशी जणू वाटणीच होती. डाव बसायचे नानांच्या आमराईत, आणि तिकडं बायकापोरांनी फिरकायचं नाही असा दंडक होता.

पण पाण्याची ओरड मात्र आमराईपर्यंत पोचली होती. खालच्या मळ्यातला ऊसही वाळायला लागला होता. संध्याकाळी पारावर नाना गरजले, "बठ्ठं पानी त्या वरखेडावालास्नी अडायं! एक थेंब खाली सोडला नाही! उद्या सकाळी फावडी, काठ्या घेऊन आमराईत जमा. तिथून थेट बंधाऱ्यावर! त्यांनी टाकलेला बांध फोडूनच परत येऊ!"

"हो, हो, फोडू!" सगळे ओरडले. हिलाल आबा सगळ्यांत मोठ्यानं!

शैलानं भिकनचं मनगट घट्ट धरलं. "बंधाऱ्यावर जाऊन कोणी बघितलं का रे? एकानं तरी?"

"कशाला बघतील? वरखेडं म्हटलं की झालं!"

"मग आपण बघायचं. आणि आत्ताच! अजून चांगला उजेड आहे."

---

वरखेडं म्हणजे नदीपलीकडचं, जरा वरच्या अंगाचं गाव. दर आखाजीला दोन्ही गावांच्या मुली दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहत आणि खडे मारत. तीही रीतच! वरखेड्याच्या बाजूची म्होरकी होती वच्छला. तिच्या नेमाची खूण अजून शैलाच्या कपाळावर होती.

वच्छला वाळूतल्या टरबुजांच्या वाडीवर राखण करत होती. चौघांना पाहून तिनं कमरेला पदर खोचला. "काय गं ए पिंपरखेड्याच्या! कालचे खडे पुरले नाहीत?"

"पुरले. कपाळ बघ!" शैला म्हणाली. "पण आज भांडायला नाही आले. तुमच्या लोकांनी बंधाऱ्यावर पाणी अडवलंय का? खरं सांग."

"आम्ही? चल, आपल्या डोळ्यांनी बघ!"

बंधाऱ्याच्या मोरीतून पिंपरखेड्याचा पाट चांगला गुडघाभर वाहत होता! कुठं बांध नाही, कुठं अडवणूक नाही.

"मग पाणी जातं कुठं?" बेबीनं विचारलं.

"ते पाण्यालाच विचारू," शैला म्हणाली. "वच्छला, टरबुजं खाऊन झाल्यावर राहिलेल्या वाट्या आहेत का गं तुझ्याकडं?"

"ढीग पडलाय! आमच्या बकऱ्यांना पण कंटाळा आला."

"चुडामणला इथं ठेवला असता तर आणखी मोठा झाला असता," भिकन म्हणाला, आणि चुडामणनं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

वच्छलानं फाटक्या लुगड्याच्या लाल चिंध्या काढल्या. काटक्यांना बांधून त्या टरबुजाच्या वाट्यांत खोचल्या. झाल्या होड्या! भिकन पळत जाऊन पाटावरच्या पुलाशी उभा राहिला. बेबी आणि चुडामण पाटाच्या टोकाशी गेले. वच्छलानं होड्या सोडल्या आणि शैला काठाकाठानं त्यांच्यामागं निघाली.

पुलावरून भिकन ओरडला, "आल्या! सगळ्या आल्या!"

टोकाकडून चुडामणची आरोळी आली, "इकडं एकसुद्धा नाही!"

पूल आणि पाटाचं टोक, यांच्यामध्ये होतं तरी काय? फक्त नानांची आमराई!

चुडामणला ते कळलं तेव्हा त्याच्या तोंडातला घास तसाच राहिला. "ताई, तिकडं नको! नाना तंगडं मोडतील!"

"मोडू देत. एका तंगड्यावर खुरपीन!"

शैला घाणेरीच्या झुडपांतून सरपटत आत शिरली. बघते तो काय! पाटाचा काठ हातभर फोडलेला. पाणी खळखळत आमराईत शिरलेलं. आंब्याखाली बाजा, बाजांवर पत्ते, आणि पत्ते खेळणाऱ्यांचे पाय गार गार पाण्यात सोडलेले! नाना, हिलाल आबा, सगळी थोर मंडळी! पारावर गर्जना करून पुन्हा डावाला बसली होती. पाणी बाजांखालून वाहत पलीकडच्या नाल्यात पडत होतं, आणि तिकडं शैलाची रोपं पाण्यावाचून माना टाकत होती. तिच्या लाल चिंध्यांच्या होड्या केव्हाच नाल्यात गेल्या होत्या. डावात कोणाचं लक्षच नव्हतं!

तिच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. बाहेर आल्यावर तिनं सगळं सांगितलं.

"आत्ताच जाऊन ओरडू या!" भिकन उसळला.

"नाही. आत्ता ओरडलं तर गुपचूप बुजवतील, आणि उद्या म्हणतील पोरीनं खोटं सांगितलं. उद्या सकाळी सगळं गाव तिथं जमणार आहे ना? जमू दे! भिकन, तू वच्छलाकडं जा. तिला म्हणावं, अजून होड्या तयार ठेव. या वेळी भरपूर!"

चुडामणनं हातातली फोड खाली ठेवली. शैलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझे वडील आहेत, चुडामण. नको वाटत असेल तर तू येऊ नकोस."

चुडामणनं तोंड पुसलं. "येणार. पण मार पडला तर अर्धा तू खायचा!"

---

सकाळी आमराईत ही गर्दी! फावडी, काठ्या, कुदळी. बाजांखालून पाणी वाहतच होतं, पण ते कुठून येतं हे कोणी विचारत नव्हतं. भाऊसुद्धा आले होते. नाना बाजेवर उभे राहून हात उडवत होते. आणि दंडक मोडून शैला सरळ गर्दीतून आत आली आणि नानांच्या बाजेवर जाऊन बसली!

"ए पोरी! इथं काय काम तुझं?"

"माझं रोप करपतंय, नाना. मी पाण्याचा पत्ता विचारायला आलेय."

"तेच शोधायला निघालोय आम्ही! ऊठ!"

"नाही उठत. वरखेड्याला जायची गरज नाही, वरखेडंच इकडं येतंय. पाहुणे येईपर्यंत थांबा!"

"शैला, घरी चल!" भाऊ कडाडले.

"नाही येणार, भाऊ. माझं वर्ष इथं वाहून चाललंय!"

तेवढ्यात बेबी टाळ्या पिटत ओरडली, "आल्या! आल्या!"

घाणेरीच्या झुडपाखालून लाल चिंधीची एक होडी डुलत डुलत आत आली. मागं दुसरी. मग तिसरी, मग रांगच! काही बाजेच्या पायांना टेकून थांबल्या, एक हिलाल आबांच्या पायाशी गोल गोल फिरायला लागली, आणि एक तर थेट नानांच्या वहाणांवर जाऊन बसली!

"हाई काय शे?" नाना पुटपुटले.

होड्यांच्या मागोमाग लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून वच्छला आली. "राम राम, नाना! या आमच्या बंधाऱ्यावरून सुटल्या. पाणी अडवलं असतं तर इथपर्यंत पोचल्या असत्या का?"

आता कुठं सगळ्यांना पायाखालची पाण्याची खळखळ ऐकू आली. सगळे झुडपाकडं धावले. फोडलेला काठ सगळ्यांनी पाहिला.

नाना गर्रकन वळले. "हिलाल! संध्याकाळी तू बुजवणार होतास ना?"

"मी? नाना, फोडला तुम्ही, तुम्हीच बुजवाल असं मला वाटलं!"

"अरे, पाटकरी तू का मी?"

"पाटाचे पंच तुम्ही का मी?"

"जरा थंडावा हवा म्हणून बोटभर फोडला होता..."

"बोटभराचा हातभर झाला," शैला उठून म्हणाली. "पाट फोडणाऱ्याला गाव काय करतं, नाना? रीत तुम्हीच सांगता ना आम्हाला? आणि ज्यांनी फोडला नाही, त्यांची डोकी फोडायला निघाला होतात!"

नानांना नक्की राग येणार, असं सगळ्यांना वाटलं. चुडामणनं तर डोळेच मिटून घेतले. पण नानांनी डोक्यावरची टोपी काढली, काखेत मारली आणि हिलाल आबांच्या हातातलं फावडं घेतलं. भर उन्हात, सगळ्या गावासमोर, घामानं निथळत त्यांनी स्वतः काठ बुजवला. मग ते वच्छलापुढं आले.

"पोरी, तुझ्या गावाला सांग, झुलाल चुकला."

"सांगते. पण पुढच्या आखाजीला खडे मारणारच हं!"

सगळे हसले. नाना शैलाकडं वळले. "एवढे बाप्ये आम्ही, पण एकालाही पाटाकाठानं चालून बघायचं सुचलं नाही. पोरांनी गावाची अब्रू राखली. शाबास रे! चुडामण, डोळे उघड, तुलाही म्हणतोय!"

दुपारपर्यंत पाणी टोकाला पोचलं. पण वरचे वाफे गेले ते गेलेच. भाऊ वाफ्यांच्या कडेनं हात मागं बांधून फिरले.

"अर्धी करपली, शैला."

"अर्धी जगली, भाऊ! निकाल लागायचाय अजून."

भाऊ घराकडं वळले. जाता जाता वाफ्यात पडलेलं एक ढेकूळ त्यांनी पायानं बाजूला केलं, रोपाला लागू नये म्हणून.

जूनमध्ये निकाल लागला. शैलाला पहिला वर्ग मिळाला. भाऊ धुळ्याहून पेढे घेऊन गावच्या एसटीनं निघाले. शेजारी कचेरीतले साहेब बसले होते. पेढा तोंडात टाकत त्यांनी विचारलं, "वा, अभिमनराव! मग मुलगी यंदा कुठल्या कॉलेजात?"

सगळी एसटी ऐकेल एवढ्या मोठ्यानं भाऊ म्हणाले, "यंदा कुठल्याच नाही! यंदा तिच्या मिरच्या लागणार आहेत."